मदत हवी आहे: २००० नंतरच्या, हातातून सुटणार नाहीत अशा मराठी कादंबऱ्या सुचवा

मंडळी नमस्कार,

आमच्या सोसायटीत काही जणींनी मिळून पुस्तकांची भिशी सुरू केली आहे. महिन्याला एक कादंबरी, जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिच्या घरी पोहे आणि चर्चा. गटात नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी आहे आणि तिची आजीही आहे. त्यामुळे पुस्तक निवडताना नाकी नऊ येतात.

कुणालाही विचारा, तीच यादी येते: 'मृत्युंजय', 'स्वामी', 'कोसला'. त्यांची पारायणं झाली आहेत. अलीकडच्या हव्यात.

आतापर्यंत मिलिंद बोकीलांची 'शाळा' सगळ्यांना आवडली. आजींना तर नववीतली पोरं आणि मागे चाललेली आणीबाणी, दोन्ही ओळखीचं वाटलं. मेघना पेठेंच्या 'नातिचरामि'वर एवढी जुंपली की पोहे गार झाले (तक्रार नाही, असंच काहीतरी हवंय). भालचंद्र नेमाडेंची 'हिंदू' मात्र निम्म्या जणींनी नायक खंडेराव मोहेंजोदडोहून घरी पोचायच्या आतच मिटून ठेवली.

शक्यतो तीनशे पानांच्या आत. बोलीभाषा चालेल, विषय जड असला तरी चालेल, पण पुढे काय होतं याची ओढ हवी. नुसता 'पुरस्कारप्राप्त' हा शिक्का पुरेसा नाही. आणि दुःख खूप आहे म्हणून कादंबरी थोर, असंही कृपया सांगू नका.

– वरणफळ

वऱ्हाडी ठेचा:
डोळे झाकून रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' घ्या. साक्षरता अभियान वरून येतं आणि शाळेतले गुरुजी गावाला कागदोपत्री साक्षर करायला निघतात. याद्या, अहवाल, तपासणीला येणारे साहेब, सगळा सावळागोंधळ. आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. वाचताना हसून ठसका लागायचा, आणि वर म्हणायचे, "यात खोटं काहीच नाही रे." सिनेमाही निघाला, पण गुरुजींच्या बोलण्याची खरी मजा पुस्तकातच आहे. पहिली काही पानं भाषेला अडखळाल, मग सुसाट.

गोदाकाठ:
मनोज बोरगावकरांची 'नदीष्ट'. नांदेडला गोदावरीत नेमाने पोहायला जाणारा निवेदक आणि त्याला नदीवर भेटणारी माणसं: भिकारी, तृतीयपंथी, मासे धरणारे. कथानक बेताचंच. तरी मी एका बैठकीत संपवली, कारण प्रत्येक माणसाचं पुढे काय झालं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.

जुनी बखर:
नंदा खरेंची 'अंताजीची बखर'. आहे १९९७ची, तीन वर्षांची सूट द्या. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या, पण सांगणारा अंताजी म्हणजे पराक्रमाच्या गप्पांपेक्षा स्वतःची कातडी वाचवण्यात पटाईत गडी. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की छाती फुगवून बसायची सवय असेल, तर हा माणूस ती मोडतो. त्यांचीच 'उद्या'ही आहे, पण ती काळीकुट्ट. तिला अकादमी पुरस्कार मिळाला होता आणि खऱ्यांनी तो नाकारला, म्हणजे तुमच्या अटीत चपखल बसते :)

कंदील:
हृषीकेश गुप्ते, 'दंशकाल'. पानांच्या अटीत बसत नाही, जाडजूड आहे. पण ओढ म्हणाल तर यादीत हिच्या जवळपास कुणी नाही. कोकणातलं घराणं, घरातली गुपितं आणि त्यात मोठा होणारा मुलगा. आजींच्या हातात देण्याआधी मात्र स्वतः वाचा.

वरणफळ:
@कंदील, आजींना कमी लेखू नका, 'नातिचरामि'च्या वेळी सगळ्यात जोरात त्याच भांडल्या होत्या. सगळ्यांचे आभार. एखादी छोटी कादंबरी आहे का? पुढच्या महिन्यात लग्नं आहेत, कुणाला वेळ नाही.

पेइंग गेस्ट:
सचिन कुंडलकर, 'कोबाल्ट ब्लू'. दोन दिवसांत होते. घरी राहायला आलेल्या भाडेकरूवर भाऊ आणि बहीण, दोघांचाही जीव जडतो. आधी तनयची बाजू, मग अनुजाची. तीच घटना दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या भागातल्या किती गोष्टी आपण तनयच्या नजरेने बघत होतो ते कळतं. चर्चेला तर उत्तमच, निम्म्या जणी तनयच्या बाजूने आणि निम्म्या अनुजाच्या होतील.

घाटउतार:
दुःख नको म्हणालात तरी कृष्णात खोतांची 'रिंगाण' सुचवतोच. धरणामुळे उठलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस शोधायला एक माणूस परत जातो. सुरुवात संथ आहे, पण ती म्हैस समोर आली की पुस्तक खाली ठेवून दाखवा.

वरणफळ:
ठरलं. लग्नांच्या महिन्यात 'कोबाल्ट ब्लू', त्यानंतर 'निशाणी'. 'रिंगाण' पावसाळ्यात. 'दंशकाल' गटाला सांगतच नाही, मी एकटीच वाचते. म्हशीचं काय होतं ते कुणी इथे लिहू नका.