चुना टाकण्याआधी मातीचा सामू (pH) बघा

एका दादांनी सुचवलंय, सांडपाण्याच्या नाल्याच्या पाण्यावरच्या पालकात कॅडमियम हा विषारी धातू उतरतो म्हणून रानात सरसकट चुना टाकावा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या तांबड्या, आंबट जमिनीला हे लागू आहे. सामू म्हणजे माती किती आंबट किंवा खारी याचं माप; सातच्या खाली आंबट. चुन्यानं तो साडेसहाच्या आसपास आला की कॅडमियम मातीला धरून बसतं, मुळांत कमी शिरतं. त्याच जिल्ह्यातल्या अथणीकडच्या काळ्या रानात मात्र सामू मुळातच चढा. तिथं चुना म्हणजे पैसे अक्षरशः मातीत! तिथं चांगलं कुजलेलं शेणखत बरं. साखर कारखान्याची मळीही (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ) चालेल, पण आधी तिच्यातच धातू नाहीत ना, तपासून घ्या. मातीत आर्सेनिक हे दुसरं विष असेल तर ते चुन्यानं उलट मोकळं होतं. शिवाय चुना टाकला तरी धातू रानातच राहतो, सामू घसरला की परत सुटतो. नाल्याचंच पाणी असेल तर पालक-मेथीपेक्षा दोडका, काकडी लावा.