प्राणीसंग्रहालयात माणूस पिंजऱ्यात पडला तर दोष कुणाचा? आणि भूल का देत नाहीत?

रानवाट:
अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा हरांबे गोरिला (२०१६, आत पडलेल्या पोराला वाचवायला त्याला गोळी घातली) आणि दिल्लीचा पांढरा वाघ विजय (२०१४, आत पडलेल्या तरुणाला त्यानं मारलं), दोन्ही प्रकरणांत लोक हेच विचारतात की डार्ट (लांबून मारायची भुलीची सुई) का मारला नाही. हरांबेच्या वेळी सगळ्यांनी त्या पोराच्या आईला धारेवर धरलं. जाणकारांनी सांगावं, नियम काय म्हणतात?

खंदक_आणि_कठडा:
आधी भुलीचं. डार्ट लागला की जनावर लगेच कोसळतं हे सिनेमात. औषध स्नायूत जातं, परिणामाला कित्येक मिनिटं लागतात आणि बिथरलेल्या प्राण्यावर आणखी उशिरा. शिवाय सुई टोचल्यावर तो दचकतो आणि राग काढतो हाताशी असेल त्यावर. हरांबे जवळपास २०० किलोचा नर, तीन वर्षांचं पोर त्याच्या हातात, खाली खंदकात पाणी. आधी हाक देऊन गोरिलांना आत बोलावलं होतं. दोन माद्या गेल्या, हा गेला नाही. मग गोळीच उरते.

आता दोष. कठडा साधारण ३ फुटांचा होता. पोर तो ओलांडून झुडपांतून सरकलं आणि सुमारे १५ फूट खाली पडलं. आईवर खटला झाला नाही. नंतर कठडा ४२ इंचांचा केला, वर लाकडी तुळया आणि गाठींची दोरीची जाळी. पालकाचं लक्ष दोन सेकंद हटणारच, हे धरूनच कठडा बांधायचा असतो. गज आडवे असतील तर ती पोरांसाठी शिडीच. गज उभेच हवेत, आणि फट १० सेंमीपेक्षा कमी.

झूम_लेन्स:
पण चिडवणाऱ्यांचं काय? सॅन फ्रान्सिस्कोत २००७ च्या नाताळात तातियाना वाघीण बाहेर आली, तेव्हा पोरांनी तिला डिवचलं असं म्हणत होते.

खंदक_आणि_कठडा:
डिवचलं असेलही. पण खंदकाची भिंत साडेबारा फूट निघाली, शिफारस होती १६.४ फुटांची. एकाचा जीव गेला. चिडलेली वाघीणही बाहेर येता कामा नये, भिंत असते ती त्यासाठीच. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३८-जे चिडवणं, खायला घालणं, इजा करणं याला मनाई करतं. तो प्रेक्षकाचा गुन्हा. त्यानं भिंतीची उंची वाढत नाही.

पिवळी_पाटी:
प्रत्यक्ष कुणी पडलंच तर: दगड, बाटल्या फेकू नका. दिल्लीत वाघ बराच वेळ त्या तरुणासमोर नुसता उभा होता, वरून आरडाओरडा आणि दगड सुरू होते. त्यानं जनावर जास्त बिथरतं. एकानं रक्षकाकडे धावावं, प्राणी कोणता आणि माणूस कुठल्या कोपऱ्यात आहे ते सांगावं. बाकीच्यांनी कठड्यापासून मागे व्हावं. प्राण्याला ओळखीची हाक देऊन, खाणं दाखवून आतल्या खोलीत घ्यायचं आणि सरकता दरवाजा पाडायचा, हे कीपरचं काम. त्याला शांतता लागते. ओढणी, दोरी सोडू नका, वरचाही खाली जाईल.

रानवाट:
आणि मोबाइल पडला तर?

पिवळी_पाटी:
तिथेच राहू द्या. जनावर आत गेल्यावर, दरवाजाला कुलूप लागल्यावर कीपर काढून देतो. बहुतेकदा संध्याकाळी.