तालुका आरोग्य कार्यालयातील आठ आठवड्यांची इंटर्नशिप: उरलेल्या दिवसांत काय शिकावे?

प्रश्न (विद्यार्थिनी, एमपीएच, दुसरे वर्ष)

बीएएमएस झाल्यानंतर मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सध्या सह्याद्रीच्या कुशीतील एका तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात आठ आठवड्यांची इंटर्नशिप करीत आहे. कार्यालयाच्या बाजूने तालुका आरोग्य अधिकारी माझे मार्गदर्शक आहेत आणि महाविद्यालयाच्या बाजूने एक प्राध्यापिका आहेत.

दोन आठवडे संपले आहेत. या काळात मी उपकेंद्रांचे मासिक अहवाल संगणकात भरले, आढावा बैठकीसाठी तक्ते तयार केले आणि साथरोगांच्या पोर्टलवर कोणत्या केंद्राची नोंद आलेली नाही हे फोन करून विचारले. साहेब स्वभावाने अतिशय चांगले आहेत. परंतु जिल्हा परिषदेतील बैठका, व्हिडिओ कॉन्फरन्स आणि पावसाळ्यातील दौरे यांमुळे त्यांच्याशी सलग दहा मिनिटेही बोलणे झालेले नाही. महाविद्यालयाला शेवटी प्रकल्प अहवाल हवा आहे. माझे बहुतेक वर्गमित्र दोनशे लोकांकडून प्रश्नावली भरून घेऊन तो पूर्ण करीत आहेत. तसे करणे मलाही सोपे जाईल, परंतु त्यातून सार्वजनिक आरोग्याचे काम कसे चालते हे कळेल असे वाटत नाही.

उरलेल्या सहा आठवड्यांत मी नेमके काय मागावे, साहेबांचा वेळ कसा मागावा आणि रोजच्या दैनंदिनीत काय लिहावे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर १ (निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी)

आपले दोन आठवडे वाया गेले असे मला वाटत नाही. तालुक्याच्या तक्त्यात दिसणारा प्रत्येक आकडा कोणाच्या तरी वहीतून आलेला असतो, आणि ती वही कोणाच्या तरी पायपिटीतून भरलेली असते. आपल्यासमोरच्या अहवालातील एकच आकडा निवडा आणि त्याचा माग काढत मागे जा: तालुक्याकडून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, तेथून उपकेंद्राच्या नोंदवहीकडे, मग आशाताईंच्या डायरीकडे आणि शेवटी त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत. हा प्रवास एकदा नीट केला, तर कार्यक्रम कोठे घट्ट आहे आणि कोठे सैल आहे हे जितके कळेल, तितके महिनाभर बैठकांना बसूनही कळणार नाही.

माझ्या सेवेतील एक प्रसंग सांगतो. एका पावसाळ्यात आमच्या तालुक्यातील एका वाडीवर जुलाब-उलट्यांचे रुग्ण अचानक वाढले. पाणी शुद्धीकरणाच्या अहवालात त्या गावापुढे ‘नियमित’ असा शेरा होता. त्या वेळी माझ्याकडे एक तरुण डॉक्टर इंटर्नशिपसाठी आलेले होते, त्यांना बरोबर घेतले. ग्रामपंचायतीची वही पाहिली, तर टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनयुक्त पावडर, टाकल्याची नोंद रोजची होती. टाकीत किती लिटर पाणी मावते आणि दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने किती पावडर लागते, हेही जलसुरक्षकांना तोंडपाठ होते. तरीही नळाच्या पाण्याची ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे रंगावरून दाखवणारी चाचणी, केली तेव्हा पाण्याला पिवळी छटा काही येईना. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. येथे तो जवळजवळ नव्हताच.

मी वहीतील तारखा पुन्हा तपासत बसलो. त्या तरुणाने मात्र विचारले, “पोते कोठे ठेवता?” पोते टाकीशेजारच्या ओल्या खोलीत, तोंड उघडे टाकून ठेवलेले होते आणि आतल्या पावडरीचे गोळे झाले होते. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो; हवा आणि ओल लागली की तो उडून जातो. मोजून टाकलेली ती पावडर रोज थोडी थोडी निकामी होत गेली होती. वही खरी होती, माणूसही प्रामाणिक होता, आणि तरीही पाणी अशुद्ध होते.

खरे शिकणे पुढे झाले. त्या तरुणाने अहवालाच्या मसुद्यात कारण म्हणून ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ असे लिहिले. मी ती ओळ खोडली आणि त्याला पुन्हा गावात पाठवून तीन गोष्टी विचारून यायला सांगितले: पावडर एका वेळी किती महिन्यांची येते, साठवणुकीबद्दल कोणी कधी सांगितले होते का, आणि कोरडी खोली उपलब्ध आहे का. परत आल्यावर त्याने लिहिलेला दुसरा मसुदा पूर्ण वेगळा होता. त्यात साठवणूक, पुरवठा आणि प्रशिक्षण होते, आणि त्यावर ग्रामसेवकांना लगेच काही करता येण्यासारखे होते. मार्गदर्शकाने पुन्हा पाठवले नसते, तर तो एका गरीब माणसावर ठपका ठेवून मोकळा झाला असता आणि त्यालाच साथीचा तपास समजला असता.

तेव्हा साहेबांकडे ‘मला शिकवा’ असे मोघम मागू नका. एक पानाचा मसुदा लिहून घेऊन जा आणि तो तपासून मागा. व्यग्र अधिकाऱ्याला व्याख्यान द्यायला सवड मिळत नाही, परंतु समोर आलेला कागद दुरुस्त करण्याची सवय त्याला असतेच.

उत्तर २ (अध्यापक, सार्वजनिक आरोग्य)

वरील उत्तराशी मी बराचसा सहमत आहे, परंतु एका मुद्द्यावर माझे मत थोडे कडक आहे. मार्गदर्शकाची देखरेख ही विद्यार्थ्यावर केलेली मेहेरबानी नसून इंटर्नशिपची मूळ अट आहे. दोन आठवड्यांत दहा मिनिटेही मिळाली नसतील, तर ही गोष्ट महाविद्यालयातील आपल्या प्राध्यापिकांच्या कानावर घालणे आपले कर्तव्य ठरते. तक्रारीच्या सुरात बोलण्याची गरज नाही. उरलेल्या सहा आठवड्यांचा एक पानी आराखडा करा, त्यात आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची ठरलेली वेळ लिहा आणि त्यावर दोन्ही मार्गदर्शकांची सही घ्या. साहेब दौऱ्यावर असतील त्या दिवसांसाठी आरोग्य विस्तार अधिकाऱ्यांना दैनंदिन मार्गदर्शक म्हणून नेमून देण्याची विनंती करा. तालुक्यातील प्रत्येक वाडीची वाट आणि प्रत्येक कर्मचाऱ्याची अडचण बहुधा त्यांनाच ठाऊक असते.

काम करता करता, जाणत्याच्या नजरेखाली शिकण्याची ही पद्धत या क्षेत्रात जुनी आहे. अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झालेली एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस, म्हणजे साथींच्या तपासाचे प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण देणारी सेवा, याच तत्त्वावर उभी राहिली. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेने २००१ मध्ये उपयोजित साथरोगविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तोही याच धर्तीवर. अशा प्रशिक्षणात विद्यार्थी एखाद्या आरोग्य यंत्रणेत प्रत्यक्ष काम करतो आणि तेथील सर्वेक्षणाच्या, म्हणजे रोगांच्या नियमित नोंदींच्या, माहितीचे विश्लेषण, सर्वेक्षण यंत्रणेचे मूल्यमापन, साथीचा तपास अशी कामे पुरी करून दाखवतो. प्रत्येक कामाचा मसुदा मार्गदर्शकाच्या हाताखालून जातो. आपली मुदत आठच आठवड्यांची असल्याने हे सारे करण्याचा हट्ट धरू नये. एक काम पूर्ण करावे, आणि ते कार्यालयाला खरोखर हवे असलेले असावे.

दोनशे जणांच्या प्रश्नावलीबद्दल मी स्पष्टच लिहितो. ‘डासांपासून कोणते रोग होतात?’ असे विचारून ज्ञानाची टक्केवारी काढणारे कितीतरी अहवाल मी तपासले आहेत. त्यांपैकी एकाही अहवालामुळे तालुक्यात कोणाला काही वेगळे करावे लागले, असे माझ्या पाहण्यात नाही. लोकांचा वेळ घेण्यापूर्वी त्या उत्तरांचे पुढे काय होणार, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. कोणताही अभ्यास करण्याआधी महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे लेखी परवानगीपत्र घ्यावे. नोंदवह्यांतील नावे, विशेषतः क्षयरुग्णांची, स्वतःच्या मोबाइलमध्ये छायाचित्र काढून कधीही ठेवू नयेत.

दैनंदिनीत ‘आज उपकेंद्राला भेट दिली’ असे लिहून काही साधत नाही. जाताना काय अपेक्षा होती, प्रत्यक्ष काय दिसले, आणि त्यामुळे आपले कोणते मत बदलले, एवढे रोज लिहिले तरी सहा आठवड्यांनंतर ती वही प्रकल्प अहवालापेक्षा मोलाची ठरेल.

उत्तर ३ (निवृत्त आरोग्य सहाय्यिका)

ताई, मी तीस वर्षांहून अधिक काळ आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहाय्यिका म्हणून काम केले आहे. वरच्या दोन्ही सरांनी सांगितले ते योग्यच आहे. मी फक्त एक आकडा सुचवते, त्याचा माग काढून पाहा.

दवाखान्यात बाळंतपण झाले, तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी घरी जाऊन द्यायच्या असतात. बाळंतपण घरीच झाले असेल, तर पहिल्या दिवशीची भेट धरून सात होतात. आता आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. तिची नोंद सासरच्या उपकेंद्रात असते, सातव्या महिन्यानंतर ती दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या जिल्ह्यात असते, आणि सव्वा महिना झाल्यावर किंवा त्याहूनही उशिरा बाळाला घेऊन परत येते. सासरच्या आशाच्या वहीत भेटी अपुऱ्या दिसतात आणि माहेरच्या आशाला पुष्कळदा ती बाई आल्याचे कळतच नाही. नेमक्या ज्या दिवसांत बाळ थंड पडते, दूध ओढत नाही, नाळेत पू होतो, त्या दिवसांत ते दोन वह्यांच्या मधल्या जागेत असते. ही गोष्ट मी माझ्या सेवेत बैठकीत अनेकदा मांडली. परंतु किती बाळांच्या बाबतीत असे होते याचा नीट हिशेब कोणी मांडला नाही, म्हणून ती बोलण्यावरच राहिली.

दोन उपकेंद्रे घ्या, मागच्या तीन महिन्यांतील सगळ्या बाळंतपणांची यादी करा आणि प्रत्येक बाळाच्या किती भेटी झाल्या, न झालेल्या का झाल्या नाहीत, हे विचारा. घरी जाताना आशाताईंना बरोबर घ्या. भेटींवर त्यांचा मोबदला अवलंबून असतो, त्यामुळे तुम्ही त्यांची तपासणी करायला आला आहात असे वाटले तर त्या धास्तावतील आणि तुम्हाला वहीतलेच उत्तर मिळेल. पहिल्या दिवशी कागद बाहेर काढू नका. बाळाला पाहा, बाळंतिणीला नीट जेवण मिळते का ते विचारा, सासूबाईंशी दोन शब्द बोला. बाकीचे त्या स्वतःहून सांगतील.

विद्यार्थिनी

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. उत्तर देण्यास आठवडा लागला, कारण मधल्या काळात मी आराखडा लिहून साहेबांना दाखवला. माहेरी गेलेल्या बाळंतिणींचा मुद्दा वाचताच त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि आम्ही चाळीस मिनिटे बोललो. हा प्रश्न त्यांनाही बराच काळ सतावत होता. दर शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ त्यांनी दिली असून आरोग्य विस्तार अधिकाऱ्यांनाही सांगून ठेवले आहे. नीतिमत्ता समितीकडे अर्ज गेला आहे आणि परवानगीपत्रासाठीचे पत्र जिल्ह्याला गेले आहे. ती मान्यता येईपर्यंत घरोघरी जाता येणार नाही. तोपर्यंत दोन्ही उपकेंद्रांत काम कसे चालते ते तेथील ताईंबरोबर बसून समजून घ्यावे, असे ठरले आहे. तेथे कोणत्या दिवशी जाणे सोयीचे ठरेल?

निवृत्त आरोग्य सहाय्यिका

लसीकरण सत्राच्या दिवशी जा, परंतु सत्र संपेपर्यंत वही मागू नका. तोपर्यंत वजनकाट्यापाशी बसा आणि बाळांची वजने घ्यायला मदत करा. माहेराहून नुकत्याच परतलेल्या मुली बाळाला घेऊन तेथेच येतात, आणि त्यांना बाळाचे कार्ड कोणत्या गावात मिळाले हे सिस्टर प्रत्येकीला विचारतच असतात; ते कान देऊन ऐका.