मदत हवी आहे : फिट्सचं औषध चालू असताना रिस्पेरिडोन सुरू करावं का?

मुलगा नऊ वर्षांचा. ऑटिझम आहे, फिट्स आहेत आणि बोलत नाही. दोन-चार खुणा आणि हात धरून ओढत नेणं, एवढीच आमची भाषा. फिट्ससाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे. पाच महिन्यांपूर्वी झोपेत लागोपाठ दोन फिट्स आल्या म्हणून डोस वाढवला. तेव्हापासून एकही नाही. पण पंधरा दिवसांतच तो कानशिलात मारून घ्यायला लागला. पूर्वी चिडला तर कधीतरी करायचा, आता दिवसातून कितीदा तरी. कान लाल होऊन सुजतो. धाकटी त्याच्या जवळ जाईनाशी झाली आहे.

त्यासाठी वागणुकीच्या डॉक्टरांनी रिस्पेरिडोन हे मनोविकारांवरचं औषध लिहून दिलंय. चिठ्ठी आठ दिवस फ्रिजवर लावलेली आहे, औषध अजून आणलेलं नाही.

औषध आडवाटेचं नाही, हे मला कळतं. अमेरिकेत २००६ साली ५ ते १६ वर्षांच्या ऑटिझम असलेल्या मुलांमधल्या चिडचिडीसाठी त्याला मान्यता मिळाली, आणि २००९ मध्ये ६ ते १७ वयासाठी त्याच जातीच्या अ‍ॅरिपिप्राझोलला. पण सोबतची यादीही मोठी आहे : सुस्ती, सुटलेली भूक, वाढतं वजन, रक्तातली साखर आणि चरबी, वाढलेलं प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक). शिवाय तोंडाच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली. त्या क्वचितच होतात, पण झाल्या तर कधीकधी औषध बंद केल्यावरही जात नाहीत. वजनाबद्दल बोलले तर घरचे म्हणतात, "बाळसं धरेल की!" फिट आल्यावर त्याला जमिनीवरून उचलते कोण, तर मी.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. चिडचिड, राग हे लेव्हेटिरासिटामच्याच माहितीपत्रकात दुष्परिणाम म्हणून छापलेले आहेत. म्हणजे एका औषधाने केलेलं निस्तरायला आपण दुसरं देतोय का? न्यूरोवाले डॉक्टर म्हणतात, फिट्स थांबल्यात, डोसला हात लावायचा नाही. वागणुकीच्या डॉक्टर म्हणतात, ते औषध माझ्याकडचं नाही. दोघांचंही चूक नाही. डोस कमी करून झोपेत पुन्हा फिट आली तर? तीही भीती आहेच. दुसरं औषध म्हटलं तर व्हॅल्प्रोएटला यकृत आणि परत वजन. लॅमोट्रिजिन अंगावरच्या गंभीर पुरळाच्या भीतीने हळूहळूच चढवावं लागतं, म्हणजे कित्येक आठवडे.

आणि मोठ्या माणसाला निदान विचारता तरी येतं, "कसं वाटतंय?" हा गप्प बसला तर बरं वाटतंय म्हणून की गुंगीने, हे मी कशावरून ओळखायचं? या वाटेने गेलेल्यांनी लिहा. डोसचे आकडे मी मुद्दाम दिलेले नाहीत, तुम्हीही देऊ नका.

प्रतिसाद १

ताई, आमच्या मुलीला लेव्हेटिरासिटामवर असाच राग यायचा. डॉक्टरांनी दुसरं औषध चढवत चढवत हे उतरवलं. राग गेला. मधे एक फिट आली, तेही सांगते. मनाने मात्र एक थेंबही कमी करू नका, अचानक तोडलं तर फिट्स उसळतात.

दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, हवं तर फोन तुम्ही जोडून द्या. उद्या फिट्ससाठी कार्बामाझेपिन दिलं तर रिस्पेरिडोनचं रक्तातलं प्रमाण घटतं, मग वागणुकीच्या डॉक्टरांना कळायचं कसं? डोस कधी वाढला, मारणं कधी सुरू झालं, हे तारखांसकट एका कागदावर लिहून दोघांपुढे ठेवा.

रिस्पेरिडोन द्यायचंच ठरलं, तर आधी वजन, उंची, कमरेचा घेर आणि उपाशीपोटी साखर-चरबी करून घ्या. त्याचा साधा व्हिडिओही काढून ठेवा, जेवताना, चालताना, खेळताना. पुढे तोंडाची हालचाल नवी वाटली तर ताडून बघायला तोच उपयोगी पडतो. गुंगीचंही तसंच. आमची मुलगी आवडीचं खेळणं मागायची थांबली, तेव्हा आम्ही समजलो की ही शांत झालेली नाही, झोपाळलेली आहे.

आणि दुखणं तपासलंत का? कान, दात, बद्धकोष्ठ? तो एकाच बाजूला मारतो का?

धागाकर्ती

कान बघून झाला, ठीक आहे. पोट साफ असतं. दात कुणी बघितलेच नाहीत, तो तोंड उघडू देत नाही. आणि हो, बहुतेक वेळा उजवीकडेच. तुम्ही विचारलंत म्हणून काल दिवसभर मोजलं : चौदापैकी अकरा वेळा.

दाताच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. नीट बघायचं तर गुंगी द्यावी लागेल म्हणाले, म्हणजे आणखी एक औषध. त्याबद्दल न्यूरोवाल्यांना आज विचारणार आहे, तारखांचा कागद घेऊनच. चिठ्ठी अजून फ्रिजवरच आहे.