‘केळी’ला ‘केयी’ वाचलं तर चूक धरायची का? (दुसरीची वाचन तपासणी)

साक्रीचा खडू
पहिली-दुसरी एकत्र, दुसरीचा पट 26. बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी ही खानदेशी बोली. दोन गोष्टींवर जाणकारांचं मत हवंय.
एक म्हणजे, पुस्तकातला धडा घडाघडा वाचणारी सात-आठ मुलं आहेत, पण तेच शब्द फळ्यावर उलटसुलट लिहिले की गप्प बसतात. यांचा वाचनस्तर (अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट) कोणता लिहायचा?
दुसरं, ‘केळी’चं ‘केयी’, ‘काळा’चं ‘काया’, ‘पाणी’चं ‘पानी’. हे चुकांमध्ये मोजलं तर अर्धा वर्ग खालच्या स्तरावर जातो. आणि एका शिक्षकाने एवढी मुलं एकेक करून तपासायची कधी?

तापीकाठ
सर, आधी ‘केयी’चं बघू. केळ्याचं चित्र दाखवा आणि हे काय म्हणून विचारा. पोरगं चित्र बघूनही ‘केयी’ म्हणालं, तर वाचताना केलेलं ‘केयी’ बरोबर धरा. त्याने अक्षर ओळखलं आणि घरच्या उच्चारात सांगितलं. चित्राला ‘केळी’ म्हणतो पण वाचताना ‘केयी’ करतो, तर मात्र ळ आणि य यांत गोंधळ आहे. खात्रीसाठी ळ, य, ल अशी तीन कार्डं समोर ठेवून “बाळमधला शेवटचा कुठला?” असं विचारा. तो ‘बाय’ म्हणेल, पण बोट ळवर ठेवलं की काम झालं. ण-न आणि श-स यांनाही हाच नियम. ‘च’ चमच्यातला म्हटला काय किंवा चिमणीतला म्हटला काय, दोन्ही बरोबर.
श्रुतलेखनात ‘केयी’ लिहिलं तर ते वेगळं. तिथे प्रमाण रूप शिकवायचंच, पण ती नोंद लेखनाच्या रकान्यात जाते, वाचनाच्या नाही.

अक्षरगाडी
पाठ झालेल्या धड्यावर स्तर ठरवूच नका. मजकूर न वाचलेला हवा. जोडाक्षरं नसलेला उतारा घरीच लिहून काढा, असा:
“राजूचे शेत नदीकाठी आहे. शेतात केळी लावली आहे. दुपारी जोराचा वारा सुटला. एक झाड वाकले. राजू दोरी आणायला पळाला.”
पाच वाक्यं, 19 शब्द. तपासणी इथूनच सुरू करा, अक्षरांपासून नको. ग्रामीण मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीतही परिच्छेद आधी देतात. तीन किंवा कमी चुका झाल्या आणि वाचताना वाक्य वाक्यासारखं आलं, सावकाश का असेना, तर पुढे गोष्ट द्यायची. एकेक शब्द तोडून वाचला तर खाली शब्दांवर यायचं, पाचपैकी चार बरोबर हवेत. तेही नाही जमलं तर अक्षरं, तिथेही पाचात चार. अक्षरांपासून सुरुवात केली की हुशार पोरं कंटाळतात आणि वेळही दुप्पट जातो.
पाठांतर पकडायला सगळ्यात चांगले निरर्थक शब्द. लमी, नोदा, कुमे, बिसा, गेपू, दिकू. अंदाज करायला जागाच उरत नाही, अक्षर आणि स्वरचिन्ह जोडता येतंय की नाही ते लगेच दिसतं.

धडगाव रस्ता
निरर्थक शब्दांबद्दल थोडी असहमती. नुसते पुढे ठेवले तर मूल त्याला ओळखीच्या शब्दात बसवतं, ‘नोदा’चं ‘नोट’ होतं, आणि आपण चूक मोजतो. “ही राक्षसांच्या पोरांची नावं आहेत” एवढं सांगा, मग अर्थ शोधत नाहीत. आणि पहिलीच्या दिवाळीआधी हा प्रकार नकोच.
आमच्याकडे घरी पावरी किंवा भिली या आदिवासी बोली असतात, तिथे गाडी आणखी मागून सुरू होते. ‘वाकले’ म्हणजे काय हेच माहीत नसेल तर बरोबर वाचूनही हाती काही लागत नाही. आधी चित्रावर त्यांच्या भाषेत दहा मिनिटं गप्पा, मग तेच मराठीत, मग वाचन. आकलनाचे प्रश्न घरच्या बोलीत विचारा, उत्तरही बोलीतच घ्या. राजूला दोरी कशाला हवी होती, हे उताऱ्यात लिहिलेलं नाही. “झाड बांधाले” असं उत्तर आलं तर आकलन पक्कं.

अक्षरगाडी
राक्षसांची नावं मान्य!
मुलं अडकतात कुठे, तेही सांगून टाकतो, कारण स्तर लिहून रजिस्टर भरतं, शिकवायला त्याचा उपयोग शून्य. पहिला अडथळा बाराखडीच्या चालीचा. ‘कू’ दाखवलं की पोरगं मनात क, का, कि, की म्हणत तिथपर्यंत पोचतं. ‘पाणी’ वाचताना “पला काना पा, णला दुसरी वेलांटी णी” एवढं म्हणेपर्यंत ‘पा’ विसरलेलं असतं. म्हणून मु, ली, के, पो अशी कार्डं पिसून दाखवा आणि चिन्हाचं नाव न घेता थेट आवाज काढायला लावा. मग दोन कार्डं हळूहळू जवळ सरकवत ‘पा… णी’, ‘पाणी’.
दुसरा अडथळा पहिल्या वेलांटीचा. कानाला आधी प ऐकू येतो, मग इ. त्याच क्रमाने मूल प लिहितं, मग वेलांटी काढतं, ती जाऊन बसते पुढच्या श वर, आणि ‘पिशवी’चं ‘पशिवी’ होतं. हे दिसलं की दहा वेळा लिहून घेऊ नका. ‘पि’ एकाच कार्डावर एकाच रंगात लिहा आणि अख्खं एक चित्र म्हणून ओळखायला द्या, पी शेजारी ठेवून.
तिसरं, घ-ध, भ-म, ब-व एकाच आठवड्यात शिकवू नका. क, म, ल, र आणि काना एवढ्यावरच काम, माल, मामा, लाल असे शब्द होतात. ज्ञपर्यंत मुळाक्षरं संपायची वाट बघत बसायची गरज नाही.

तापीकाठ
वेळेचं गणित. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. रोज पाच मुलं घेतली तर 26 सहा दिवसांत होतात. परिपाठानंतर बाकीच्यांना चित्र काढायला बसवा आणि तपासायचं मूल व्हरांड्यात घ्या, नाहीतर मागच्या बाकावरून उत्तरं येतात. पुढे दर तीन आठवड्यांनी फक्त अक्षर आणि शब्द स्तरावरची मुलं बघा, सगळी नको.

साक्रीचा खडू
आभार. केंद्रप्रमुख मिनिटाला किती शब्द तेही विचारतात. ते 19 शब्दांच्या उताऱ्यावर काढता येईल का?

धडगाव रस्ता
नाही, तो फार लहान. त्यासाठी 40-50 शब्दांचा घ्या. समजा उतारा 42 शब्दांचा, तीन चुका, वेळ 48 सेकंद. 42 वजा 3 म्हणजे 39, भागिले 48, गुणिले 60, साधारण 49. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानात दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 आणि तिसरीअखेर किमान 60 शब्द धरलेत. फक्त हिंदीतल्या आकड्यांशी तुलना करू नका. ‘घर में’ हे तिकडे दोन शब्द, आपलं ‘घरात’ एकच. मुलाला घड्याळ दिसू देऊ नका, “लवकर वाच” म्हणू नका. वेग वाढतो आणि दोरी कशाला ते सांगता येत नाही, असं झालं तर तो आकडा वहीत ठेवा, स्तर मात्र वाढवू नका.