मदत हवी आहे: लिक्विड कूल्ड ग्राफिक्स कार्डाच्या रेडिएटरचा फॅन बदलायचाय

एडिटिंगवाला_लातूर

नमस्कार मंडळी. कार्ड आरटीएक्स २०८० टीआय, हायब्रिड. चिपवर पंप, कॅबिनेटच्या मागं १२० मिमीचा एकच रेडिएटर, आणि मेमरी-व्हीआरएमसाठी (व्हीआरएम म्हणजे चिपला वीज पुरवणारा भाग) कार्डावरच वेगळा छोटा फॅन. लग्नसराईचं एडिटिंग चालू आहे. रेंडर लावला की रेडिएटरचा फॅन घरघर करायलाय, मधीच थांबूनही जायलाय. ढकलला की परत फिरतो. आधी तापमान ६५ अंशांच्या आसपास राहायचं, आता दहा-बारा मिनिटांत ८५ च्या पुढं जाऊन क्लॉक (चिपचा वेग) पडायलाय. वॉरंटी संपली. बाजारातला साधा १२० चा फॅन चालंल का? त्याची पिन कार्डात बसंल का, का सरळ मदरबोर्डला जोडू? पंपाला हात लावायची वेळ येऊ नये एवढंच.

गोदाकाठ_नांदेड

पंप ठीक दिसतोय. पंप बंद पडला असता तर लोड देताच काही सेकंदांत आकडा नव्वदीकडं पळाला असता. तुमचा दहा मिनिटं हळूहळू चढतोय, म्हणजे पाणी फिरतंय, फक्त रेडिएटरमधली उष्णता बाहेर जाईना. तरी खात्रीसाठी लोड असताना दोन्ही नळ्या हातानं चाचपा. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय. एक चटका देणारी आणि दुसरी थंडगार असंल तर पाणी फिरत नाही, नवा फॅन घेऊन उपयोग नाही.

फॅन १२० × १२० × २५ मिमीचा, चार पिनी पीडब्ल्यूएम (वेगळ्या वायरीवरच्या सिग्नलनं वेग बदलणारा) घ्या. खोक्यावर सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) मोठा आकडा बघून घेऊ नका. रेडिएटरच्या दाट पात्यांतून हवा ढकलायची म्हणजे स्टॅटिक प्रेशर (हवा रेटायचा दाब, पाण्याच्या मिमीत मोजतात) लागतं. आर्क्टिक पी १२ पीडब्ल्यूएम (१८०० आरपीएम, २.२ मिमी) बजेटमध्ये बसतो. नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ (२००० आरपीएम, २.३४ मिमी) महाग, पण शांत. आरजीबीवाले झगमगीत फॅन या कामाला नकोत.

खरी भीती स्क्रूची आहे. बऱ्याच रेडिएटरांत स्क्रूच्या भोकामागं लगेच पाण्याची चपटी नळी असते, मध्ये आडवी पट्टी नसते. लांब स्क्रू आवळला की नळी फुटली आणि कार्ड गेलं. जुनेच स्क्रू वापरा, ते बहुधा ३० मिमीचे असतात. स्क्रू नव्या फॅनमधून आरपार घाला आणि पलीकडं किती निघतो ते जुन्या फॅनशी ताडून बघा. ४-५ मिमीपेक्षा जास्त नको. एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही: स्क्रू बाहेरून जाळी, कॅबिनेटचा पत्रा आणि फॅन अशा थरांतून जात असेल आणि या वेळी तुम्ही जाळी काढून टाकली, तर तोच स्क्रू तेवढा आत घुसतो. जाळी काढली तर वॉशर घाला. ३० मिमी जाडीचा फॅन घेतला तर उलट हा स्क्रू पोचणारच नाही.

सोल्डर_परभणी

पिनचं सांगतो. कार्डावरचं कनेक्टर मदरबोर्डवाल्यापेक्षा लहान असतं, साधी पिन तिथं बसत नाही. पहिल्या पिनच्या मध्यापासून चौथीच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. ७.६ मिमी आलं तर नेहमीची फॅन पिन. ६ मिमी आलं तर जेएसटी पीएच जातीचं कनेक्टर, ग्राफिक्स कार्डांत हेच जास्त दिसतं. पावणेचारच्या आसपास आलं तर त्याहून बारीक १.२५ मिमीवालं. ते कळल्याशिवाय ऑनलाइन अडॅप्टर मागवू नका, फोटोत सगळे सारखेच दिसतात.

अडॅप्टरपेक्षा स्वस्त मार्ग म्हणजे जुन्या फॅनची वायर कनेक्टरपासून १०-१२ सेंमीवर कापायची आणि ते शेपूट नव्या फॅनच्या वायरीला सोल्डर करून प्रत्येक जोडावर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवायची. कापण्याआधी वायरी ओळखून चिकटपट्टीवर १, २, ३, ४ लिहा.

रंगावर विसंबू नका. चार पिनी फॅनमध्ये नेहमीचा क्रम काळी ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी टॅको (फॅनचा वेग कळवणारी), निळी पीडब्ल्यूएम. पण तीन पिनी फॅनमध्ये काळी, लाल, पिवळी असतात आणि तिथं पिवळी म्हणजे टॅको! पिवळीला पिवळी जोडून मोकळे झालात तर टॅकोच्या वायरीवर १२ व्होल्ट जातात आणि फॅन किंवा कार्डाचा फॅन कंट्रोलर उडू शकतो.

एडिटिंगवाला_लातूर

मोजलं, ६ मिमी. पण चारी वायरी काळ्याच आहेत आणि पिन कार्डाच्या कव्हराखाली आहे. कव्हर काढायचं म्हणजे पंपही सुटतो का?

सोल्डर_परभणी

सुटायची गरज नाही. कार्डाच्या मागं चिपभोवती स्प्रिंगवाले चार स्क्रू असतात, त्यांना हात लावायचा नाही. ते सैल केले की थर्मल पेस्टचा थर तुटतो, मग पुसून नवी लावणं आलं. फक्त कव्हराच्या कडेचे स्क्रू काढा आणि कव्हर हळूच उचला, छोट्या फॅनची वायर त्याला अडकलेली असू शकते.

वायरी सगळ्या काळ्या, तर मल्टीमीटर लागेल. पीसी बंद, मेन स्विच बंद, कनेक्टर सुटं: कार्डाची जी पिन स्लॉटच्या लोखंडी पट्टीशी कंटिन्युइटी दाखवते ती ग्राउंड. मग जुना फॅन जोडून, पीसी चालू करून, मीटर डीसी २० वर ठेवून कनेक्टरच्या पाठीमागून टोक लावा. समोरून पिनवर टोक लावलं आणि ते घसरलं तर शेजारच्या पिनला शॉर्ट होतं. आफ्टरबर्नरमध्ये (ग्राफिक्स कार्डाचा वेग-फॅन बदलायचं सॉफ्टवेअर) या फॅनचा वेग आधी ४०, मग १०० टक्के करा. १२ व्होल्टची वायर दोन्ही वेळा १२ वरच राहिली तर कंट्रोल पीडब्ल्यूएमचा. तीच ६-७ वरून १२ वर गेली तर कार्ड व्होल्टेजनं वेग बदलतंय. मग नव्या फॅनची पीडब्ल्यूएम वायर मोकळी सोडून तिच्यावर हीटश्रिंक घाला.

गोदाकाठ_नांदेड

एवढा खटाटोप नको असंल तर मदरबोर्डच्या सिस्टिम फॅन हेडरवर (फॅन जोडायच्या पिनवर) लावा. बायोसमधून तो प्रोसेसरच्या किंवा मदरबोर्डच्या तापमानावर चालतो, म्हणून विंडोजमध्ये फॅनकंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर टाकून जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) तापमानावर बांधा.

सोल्डर_परभणी

चालतं, पण रात्रभर रेंडर लावणाऱ्यानं करू नये. सॉफ्टवेअर बंद पडलं की फॅनला जीपीयू तापल्याचं कळत नाही. लावायचाच तर बायोसमध्ये किमान ७० टक्के ठेवा.

मांजराकाठ

फॅन काढलाच आहे तर रेडिएटरचं तोंड बघा. फॅन आणि पात्यांच्या मध्ये धुळीची गोधडी बसलेली असणार. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ, त्यात कापसाचे तंतू. मऊ ब्रशनं आधी सैल करा, मग ब्लोअर फॅनच्या विरुद्ध बाजूनं मारा. पाती वाकतात, म्हणून ब्रश पात्यांच्या लांबीनंच फिरवायचा. कार्डावरच्या छोट्या फॅनवर ब्लोअर मारताना पातं बोटानं धरा. हे सगळं होईपर्यंत रेडिएटर नळ्यांवर लोंबकळत ठेवू नका, खाली खोकं ठेवा.

उन्हाळ्यात पाण्याचा कूलर पीसीच्या तोंडावर लावत असाल तर जागा बदला. बोअरच्या पाण्यातले क्षार तुषारांबरोबर येऊन पात्यांवर पांढरे बसतात, ब्रशनं निघत नाहीत. खोलीच ४० वर असेल तर कितीही भारी फॅन लावा, पाणी त्याच्या खाली जाणार नाही.

बसवताना स्टिकर आणि आडव्या काड्या असलेल्या बाजूनं हवा बाहेर पडते. रेडिएटरचा वरचा काठ पंपाच्या वर राहू द्या, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात अडकत नाहीत. चारी स्क्रू आधी हातानं धरा, मग कोपऱ्यासमोरचा कोपरा असे आवळा.

एडिटिंगवाला_लातूर

पीडब्ल्यूएमच निघाला. शेपूट सोल्डर करून पी १२ बसवला. रेंडरला ७० वर थांबलं. पण १०० टक्क्यांना जुना २२०० आरपीएम दाखवायचा, हा १८०० दाखवतोय. काही चुकलं का?

सोल्डर_परभणी

नाही. टक्के म्हणजे सिग्नल, वेग ज्या त्या फॅनचा. जुना फॅन कर्व्ह (किती तापमानाला किती टक्के वेग) ठेवलात तर त्याच टक्क्यांवर हवा कमी मिळेल, म्हणून तो चढवा: ५० अंशांना ५०, ६५ ला ८०, ७२ पासून १००. तासाभराच्या रेंडरनंतर जोडाजवळची वायर चाचपा. बाकीच्या वायरीपेक्षा गरम लागली तर तो जोड परत करा.