मदत हवी आहे: परदेशस्थ मुलगा-सुनेची दत्तक प्रक्रिया रखडली आहे, घरात देवीला कौल लावण्याचा आग्रह आहे

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात राहते आणि निवृत्त शिक्षिका आहे. माझा मुलगा आणि सून अमेरिकेत स्थायिक आहेत. दोघांनीही तिथले नागरिकत्व घेतले असून त्यांच्याकडे भारताचे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, आहे. दत्तक घेण्यासाठी आलेला भारतातील एका मुलीचा प्रस्ताव त्यांनी मनापासून स्वीकारला, आणि त्यानंतर सुरुवातीला वेगाने चाललेले प्रकरण आता अशा ठिकाणी थांबले आहे की पुढची तारीख कोणीच सांगत नाही. या काळात आम्ही घरच्यांनी कसे वागावे आणि देवाकडे नेमके काय मागावे, याविषयी या वाटेने गेलेल्या कुटुंबांचे मार्गदर्शन हवे आहे.

मुलीविषयी मी फार लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी ती केली नसती. ती शाळेत जाण्याच्या वयाची आहे, तिला एक शारीरिक अडचण आहे, ती दुसऱ्या राज्यातील संस्थेत राहते आणि तिची भाषा मराठी नाही, एवढे पुरेसे आहे.

ज्यांना या प्रक्रियेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परदेशात राहणाऱ्यांना भारतातील मूल थेट संस्थेत जाऊन दत्तक घेता येत नाही. तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून घराची आणि कुटुंबाची पाहणी होते, तो अहवाल दिल्लीतील केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे येतो, आणि भारतात राहणाऱ्या किंवा अनिवासी भारतीय पालकांकडून ज्या मुलांना घर मिळालेले नाही अशा मुलांचा विचार मग परदेशी आणि ओसीआय पालकांसाठी होतो. ही मुले बहुधा वयाने मोठी असतात किंवा त्यांना एखादा आजार किंवा अपंगत्व असते. प्रस्ताव स्वीकारल्यावर अमेरिकी सरकारची संमती, मग काराचे ना हरकत प्रमाणपत्र, मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, त्यानंतर आंतरराष्ट्रीय दत्तकाविषयीच्या हेग करारानुसारचे प्रमाणपत्र, मुलीचा पासपोर्ट आणि व्हिसा, असा क्रम आहे. आमचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाले आहे. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत आदेश व्हावा असे कायदा म्हणतो. आमच्या प्रकरणात ही मुदत उलटून बराच काळ गेला आहे. कधी एखादा कागद पुन्हा मागवला जातो, कधी सुनावणी पुढे जाते. दरम्यान अमेरिकेच्या बाजूने मिळालेली पालकत्वाची मंजुरी 15 महिन्यांचीच असते, त्यामुळे ती वाढवून घेण्याची आणि घराचा अहवाल अद्ययावत करण्याची धावपळ सुनेला नोकरी सांभाळून करावी लागत आहे.

या तपासणीविषयी माझी तक्रार नाही, हे मी आवर्जून सांगते. परदेशी दत्तकाच्या नावाखाली पूर्वी मुलांचे गैरव्यवहार झाले आहेत. 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी जे निकालपत्र दिले, त्यातून या देशात पहिल्यांदा नीट नियम आखले गेले. पुढे 1993 चा हेग करार भारताने 2003 मध्ये स्वीकारला. मुलाला आधी स्वतःच्या देशात घर शोधावे आणि ते न मिळाल्यासच परदेशाचा विचार करावा, हे त्यातील तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. कागद दोनदा तपासला जात असेल तर तो त्या मुलीच्या रक्षणासाठीच आहे, असे मी मुलाला सांगते. परंतु तपासणी आणि नुसते पडून राहणे यांत फरक आहे, आणि पडून राहण्याचा प्रत्येक महिना त्या मुलीच्या बालपणातून जातो.

भीती आणखी एका गोष्टीची आहे. सप्टेंबर 2024 मध्ये चीनने जवळच्या नात्यातील अपवाद वगळता परदेशी दत्तक बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा अमेरिकेतील अनेक कुटुंबांची मुले ठरलेली होती, त्यांची छायाचित्रे घरात लागलेली होती, आणि ती मुले तिकडेच राहिली. त्याच वर्षी नेदरलँड्सनेही आंतरराष्ट्रीय दत्तक टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय घेतला. भारतात तसे काही घडलेले नाही. तरीही सून अशा पालकांच्या संपर्कात आहे, आणि रात्री उशिरा फोनवर बोलताना तिच्या आवाजात ती भीती मला ऐकू येते. ती मला विचारते, “आई, आता देवाकडे काय मागू?” मी काय उत्तर द्यावे, ते मला कळत नाही.

आता माझा मुख्य प्रश्न. आमचे घर मोठे आणि एकत्र आहे. माझ्या मोठ्या जाऊबाई मनाने अतिशय प्रेमळ आहेत, आणि ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय घरात कोणतेही मोठे कार्य होऊ नये, असे त्या मानतात. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की देवीच्या मूर्तीवर गुरव फुलांच्या पाकळ्या किंवा तांदूळ ओले करून चिकटवतात, आणि कोणत्या बाजूचे आधी पडते यावरून देवीचा होकार किंवा नकार समजला जातो. यालाच कौल म्हणतात. आमच्याकडे लग्न, जमिनीचा वाद, नवी होडी, घरातील आजारपण, सगळ्यासाठी कौल लावला जातो. प्रकरण अडले आहे याचा अर्थ देवीच्या मनात काही तरी आहे, तेव्हा एकदा विचारून घ्यावे, असे जाऊबाईंचे म्हणणे आहे. दत्तक म्हटले की वारसासाठी घेतलेला भावकीतला मुलगा, हीच कल्पना जुन्या माणसांच्या मनात असते. मुलगी दत्तक घेण्याची मुभा हिंदू कायद्यात 1956 पासून आहे, हे सांगूनही ते त्यांना परके वाटते.

मी देवीला मानणारी आहे. आजवर मीही कौल घेतले आहेत आणि त्यांतून धीर मिळाला आहे. पण या वेळी माझे मन तयार होत नाही. पाकळी डावीकडची पडली तर आम्ही काय करणार आहोत? त्या मुलीला आमच्या कुटुंबाचा फोटो दाखवून झाला आहे, आपले आईबाबा कोण होणार हे तिला सांगून झाले आहे. शिवाय कायदाच म्हणतो की आदेश देण्यापूर्वी मुलाचे वय आणि समज पाहून त्याची इच्छा विचारात घ्यावी. ज्या गोष्टीत तिला स्वतःला विचारले जाणार आहे, त्या गोष्टीत तिच्या माघारी आम्ही देवीचा होकार-नकार घेणे मला तिच्यावर अन्याय करणारे वाटते. एकदा डावा कौल मिळाला की तो घरातील माणसांच्या स्मरणातून जात नाही. पुढे ती आजारी पडली किंवा हट्ट करू लागली तरी कोणी ना कोणी त्याची आठवण काढील.

नवसाविषयीही माझ्या मनात गुंता आहे. मूल दत्तकासाठी मुक्त घोषित करण्यापूर्वी बाल कल्याण समिती त्याच्या आईवडिलांचा शोध घेते, वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापला जातो, आणि दोन वर्षांवरील सोडून दिलेल्या मुलांसाठी ही प्रक्रिया चार महिन्यांत पूर्ण करायची असते. कोणी आले नाही, तेव्हाच ती मुलगी आमच्या वाट्याला येण्याची शक्यता निर्माण झाली. ती आम्हाला मिळू दे, असे हात जोडून म्हणताना तिचे जे हरपले त्यावरच माझे मागणे उभे आहे, हे मला विसरता येत नाही. म्हणून आता मी एवढेच मागते की ती जिथे आहे तिथे तिला वेळेवर खाऊ-पिऊ मिळो, तिच्यावर चाललेले उपचार खंडित न होवोत, आणि ज्यांच्या हाती तिची फाईल आहे त्यांना ती उघडण्याची बुद्धी होवो. पण एवढ्याने सुनेचे समाधान होत नाही. तिला आशा हवी आहे, आणि खोटी आशा देण्याचे धैर्य माझ्यात नाही.

ज्यांनी परदेशातून भारतातील मूल दत्तक घेतले आहे, त्यांनी कृपया सांगावे की ना हरकत प्रमाणपत्रानंतर प्रकरण रखडले तेव्हा तुम्ही कोणामार्फत पाठपुरावा केला, आणि घरच्या वडीलधाऱ्यांचे कोणते बोलणे तुम्हाला आधार वाटले व कोणते नकोसे झाले. दुसरे असे की आदेश झाल्यावर पासपोर्ट आणि व्हिसा मिळेपर्यंत मुलगा-सून तिला घेऊन भारतातच राहतील. त्या काळात तिला आमच्या या माणसांनी भरलेल्या घरी आणावे, की तिघांना शांतपणे वेगळे राहू द्यावे? मला तिला पाहण्याची फार ओढ आहे. तरीही तिच्या दृष्टीने जे योग्य तेच करायचे आहे.

भर (प्रतिसाद वाचल्यानंतर):

सर्वांचे मनापासून आभार. पाठपुरावा आमच्या बाजूने थेट न करता अमेरिकेतील संस्थेने काराकडे आणि इथल्या दत्तक संस्थेने जिल्हा कार्यालयाकडे लेखी करावा, हा सल्ला मुलाला कळवला आहे. पहिले काही आठवडे तिघांनीच राहावे, असे तिघा-चौघा दत्तक पालकांनी लिहिले आहे. मुलीला कोणाच्या हाताला धरून चालायचे हे आधी कळू द्यावे आणि मग नातेवाइकांची ओळख करून द्यावी, हे त्यांचे म्हणणे मला पटले. आम्ही दोघे एखाद्या दिवशी तिकडे जाऊन भेटू, आणि घरी येणे पुढच्या सुट्टीत होईल. दत्तकानंतर दोन वर्षे तिथली संस्था भेटी देऊन अहवाल पाठवते, हे ऐकून जाऊबाईंनाही बरे वाटले. मुलगी दूर जाऊन कोणाच्या नजरेआड होणार नाही, ही त्यांची खरी काळजी होती असे दिसते.

एका वाचकाने सुचवले आहे की कौल न लावता गाऱ्हाणे घालावे. गाऱ्हाण्यात देवीला प्रश्न नसतो. तिच्यापुढे अडचण मांडून रक्षण मागितले जाते आणि जमलेली माणसे “होय महाराजा” म्हणतात. हा मार्ग मला फार आवडला आणि जाऊबाईंशीही त्याविषयी बोलणे झाले. त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की गाऱ्हाणे कोणाच्या नावाने घालायचे, कारण गुरव माणसाचे नाव आणि घर मोठ्याने उच्चारतात, तर मुलीचे नाव आदेश होईपर्यंत आम्ही देवळात चार माणसांसमोर घेऊ शकत नाही. मुलगा आणि सुनेच्या नावाने गाऱ्हाणे घालून तिचा उल्लेख फक्त “त्यांचे लेकरू” असा केला तर चालेल का? सिंधुदुर्गातील कोणा मानकऱ्यांनी किंवा गुरवांच्या घरातील कोणी याचे उत्तर दिले तर मी त्यांची ऋणी राहीन, कारण सुनेला येत्या रविवारी फोनवर काही तरी निश्चित सांगायचे आहे.